काळ्या ऑइलचा रंगीत जबाब

गाडी सर्व्हिसिंगला लावली की मेकॅनिक बॉनेट उघडतो, डिपस्टिक बाहेर काढतो, टोकावरचा थेंब बोटांत चोळतो आणि म्हणतो, "काळं झालंय, बदलायला लागेल." पण डिझेल गाडीत नवंकोरं ऑइलसुद्धा थोड्याच दिवसांत काळं पडतं. काजळी उचलून धरणं हे त्याचं कामच आहे, त्यामुळे नुसत्या काळेपणावरून इंजिनाच्या तब्येतीचं फारसं काही कळत नाही. गंमत अशी, की त्याच काळ्या थेंबात केवढी तरी माहिती भरलेली असते! सिलिंडरचा लायनर किती झिजलाय, पिस्टन रिंगचा क्रोम उडतोय का, एअर फिल्टरपुढच्या पाइपाला चीर पडलीय का, कूलंट आत झिरपतंय का. इंजिनाचा एकही नट न खोलता हे सगळं वाचता येतं. ते कसं?

आधी इंजिनाच्या आत डोकावू. इंजिन मिनिटाला २,००० फेरे घेत असेल, तर प्रत्येक पिस्टन तेवढ्या वेळात ४,००० वेळा क्षणभर थांबून दिशा बदलतो. क्रँकशाफ्ट आणि त्याची बेअरिंग एकमेकांना टेकतच नाहीत. त्यांच्यामध्ये ऑइलचा एक पापुद्रा असतो आणि एवढा जड लोखंडी दांडा त्यावर तरंगतो. भार वाढला की हा पापुद्रा काही मायक्रॉनच उरतो. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो, म्हणजे बघा. थंड इंजिन चालू करताना किंवा धुळीचा कण मध्ये शिरला, की हा पापुद्रा जागोजागी फाटतो. धातूवर धातू घासतो, डोळ्यांना न दिसणारी भुकटी सुटते आणि ऑइल ती धुऊन नेतं. मोठे कण फिल्टरमध्ये अडकतात. अगदी बारीक कण मात्र आरपार जातात आणि पुढच्या ऑइल चेंजपर्यंत इंजिनभर फिरत राहतात.

आता ही भुकटी ओळखायची कशी? उत्तर आपल्या स्वयंपाकघरात आहे. मीठ घातलेली आमटी उतू गेली, की गॅसची निळी ज्योत एकदम पिवळी होते. तो पिवळा रंग मिठातल्या सोडियमचा. अणू तापला की त्यातले इलेक्ट्रॉन वरच्या पायरीवर चढतात आणि खाली उतरताना प्रकाश सोडतात. प्रत्येक मूलद्रव्याच्या पायऱ्या ठरलेल्या, म्हणून प्रकाशाच्या रेषाही ठरलेल्या. लोखंडाच्या वेगळ्या, तांब्याच्या वेगळ्या, आणि दोन मूलद्रव्यांचा संच कधीच सारखा नसतो! रोबर्ट बुन्सेन आणि गुस्ताफ किर्खोफ यांनी १८५९-६० मध्ये जर्मनीतल्या हायडेलबर्गला हे पक्कं केलं. त्या रेषांच्या जोरावर त्यांनी सीझियम आणि रुबिडियम ही दोन नवी मूलद्रव्यं शोधली. सूर्यात सोडियम आणि लोखंड आहे, हेही किर्खोफनं पृथ्वीवर बसून सांगितलं. सूर्यापर्यंत पोचलेली हीच युक्ती आपल्या गाडीच्या ऑइल चेंबरमध्येही चालते.

प्रयोगशाळेत ती चालताना बघण्यासारखी असते. छोट्याशा भांड्यात थोडं काळं ऑइल ओततात. त्यात शर्टाच्या बटणाएवढी ग्रॅफाइटची चकती उभी फिरते, तिची कड ऑइलमध्ये बुडून ओली होते आणि वर येते. वर, जेमतेम दोन-तीन मिलिमीटरवर, ग्रॅफाइटचीच टोकदार कांडी वाट बघत असते. दोघांमध्ये ठिणग्यांचा मारा सुरू होतो. हजारो अंश तापमानात ऑइल जळतं आणि त्यातल्या धातूंचे अणू आपापल्या रंगात झळाळतात. यंत्र तो प्रकाश रेषारेषांत फोडतं, प्रत्येक रेषेची तीव्रता मोजतं आणि अर्ध्या मिनिटाच्या आसपास विसेक मूलद्रव्यांचे आकडे हातात ठेवतं.

आकडे असतात पीपीएममध्ये, दहा लाखांत किती भाग. हे किती सूक्ष्म असावं? ट्रकच्या इंजिनात ३० लिटर ऑइल धरा, वजन साधारण २६ किलो. त्यात लोखंड १ पीपीएम, म्हणजे सगळ्या ऑइलमध्ये मिळून २६ मिलिग्रॅम. जवळपास तांदळाच्या एका दाण्याइतकं वजन! ते ३० लिटरभर विखुरलेलं असतं, आणि तरी चमचाभर नमुन्यात सापडतं.

ही कल्पना पहिल्यांदा कामाला लावली रेल्वेनं. अमेरिकेतल्या डेन्व्हर अँड रिओ ग्रांदे रेल्वेच्या प्रयोगशाळेनं १९४६ मध्ये वापरलेल्या ऑइलमधल्या धातूंवरून डिझेल इंजिनांतले बिघाड ओळखले. १९५०च्या दशकात अमेरिकी नौदलानं हीच तपासणी विमानांच्या इंजिनांना लावली. साहजिकच आहे, आकाशात इंजिन बंद पडलं तर कडेला घेऊन थांबता येत नाही.

पण खरी मजा आकडे एकत्र वाचण्यात आहे. नुसतं अ‍ॅल्युमिनियम वाढलं तर संशय पिस्टनवर. अ‍ॅल्युमिनियमबरोबर सिलिकॉनही वाढलं तर? ती बाहेरची धूळ, कारण माती मुख्यतः याच दोघांच्या संयुगांची बनलेली असते. त्यात लोखंड आणि क्रोमियमही चढत असेल तर ती धूळ लायनर आणि रिंगा खात सुटली आहे. आधी एअर फिल्टर आणि त्याच्या पाइपाचे क्लॅम्प बघा. सोडियम आणि पोटॅशियम जोडीनं आले तर कूलंट आत शिरतंय, बहुधा हेड गॅस्केटमधून. शिसं, तांबं, कथील दिसले की बेअरिंगकडे वळायचं. मात्र नव्या इंजिनात सिलिकॉन दिसलं म्हणून घाबरू नये. जोडांना लावलेल्या सीलंटमधूनही ते येतं.

सगळ्यात देखणी कहाणी चांदीची आहे. होय, चांदी! ईएमडी या अमेरिकी कंपनीच्या घडणीच्या रेल्वे इंजिनांत पिस्टन पिनच्या बेअरिंगवर चांदीचा थर असतो. बनारसच्या कारखान्यात बनलेली डब्ल्यूडीजी-४ आणि डब्ल्यूडीपी-४ इंजिनं याच घराण्यातली. गाड्यांच्या नेहमीच्या ऑइलमध्ये झीज रोखायला जस्ताचं संयुग घालतात, आणि नेमकं तेच या चांदीला पोखरतं. म्हणून या इंजिनांना बिनजस्ताचंच ऑइल लागतं. नमुन्यात जस्ताची रेषा उजळली तर कुणीतरी चुकीचं ऑइल भरलंय, आणि पाठोपाठ चांदीची उजळली तर नुकसान सुरू झालंय. दोन रेषांत गुन्हाही कळला आणि त्याचा परिणामही!

एकुलत्या एका रिपोर्टवर मात्र फार विसंबू नये. अंगणवाडीतल्या वजनाच्या तक्त्यावर ताई बाळाचं आजचं वजन बघतात, पण त्यांची नजर असते रेघ कुठे चाललीय यावर. इथेही तसंच. दरवेळी लोखंड ३० पीपीएम येत असलेल्या इंजिनात ते अचानक ७० झालं, तर काहीतरी बदललंय. तोच ७० दुसऱ्या इंजिनाचा नेहमीचा आकडा असू शकतो.

या पद्धतीची एक उणीवही तितकीच विलक्षण आहे. ठिणगीत जेमतेम पाच-आठ मायक्रॉनपर्यंतचेच कण नीट जळतात. एखादं बेअरिंग मोडायला आलं की त्याचे मोठाले तुकडे सुटतात, आणि यंत्र त्यांना बघूच शकत नाही! इंजिन कोसळायच्या बेतात आणि रिपोर्ट शांत, असं घडू शकतं. १९७०च्या दशकात अमेरिकेत व्हर्नन वेस्टकॉट यांनी फेरोग्राफी नावाची वाट काढली. तिरकी ठेवलेली काच, खाली लोहचुंबक, आणि वरून हळूहळू सोडलेलं ऑइल. लोखंडाचे मोठे कण आधी अडकतात, बारीक पुढे. मग सूक्ष्मदर्शकाखाली कणांचे आकारच बोलायला लागतात. नेहमीच्या घासण्यातून चपट्या पापड्या सुटतात. कठीण कणानं पृष्ठभाग खरवडला तर लांब, वळलेली कात्रणं दिसतात. आणि बॉल बेअरिंगच्या आत भेग पडू लागली की तिच्यात काही मायक्रॉनचे गुळगुळीत गोल मणी घडतात. बाहेरून बेअरिंग अजून धडधाकट दिसत असतं तेव्हाच!

यातला सगळ्यात साधा भाग घरी करून बघण्याजोगा आहे. गरम इंजिनाच्या डिपस्टिकवरचा एक थेंब फिल्टर पेपरवर टाका आणि तो कागद काही तास आडवा राहू द्या. काजळी कडेपर्यंत एकसारखी पसरली तर ऑइलमध्ये घाण धरून ठेवायची ताकद शिल्लक आहे. मधोमध दाट काळा डाग आणि त्याला रेखीव कड दिसली तर ती ताकद संपत आली आहे. धातू मात्र कागदावर दिसणार नाहीत, त्यासाठी बाटली प्रयोगशाळेत पाठवावी लागते. नमुना गाडी चालवून आल्यावर, गरम ऑइलचाच घ्या. ड्रेन नट काढल्यावर पहिली धार जाऊ द्या, मधली धरा; तळाचा गाळ नको. आणि बाटलीवर लिहा: गाडी किती किलोमीटर चाललीय, हे ऑइल किती किलोमीटर चाललंय आणि मध्ये टॉप-अप किती केला. ४० पीपीएम लोखंड ३,००० किलोमीटरांत आलं की १५,००० किलोमीटरांत, हे ठाऊक नसेल तर प्रयोगशाळेतल्या माणसाला त्या आकड्याचा अर्थ लावताच येणार नाही.