आमच्या तीन सायकली

हिमायतनगरला आम्ही तिघे मित्र रविवारी सायकली अदलाबदल करून चालवतो. एकाची गिअरची, दुसऱ्याची २६ इंची आणि माझी वडिलांची २८ इंची काळी ॲटलस. ती चढाला जड जाते म्हणून दोघे हसतात. (सपाटीला हसत नाहीत, मागे राहतात!)

शेवटी मी दाते मोजले. पायडलच्या चक्राला ४४, मागच्या फ्रीव्हीलला १८. पायडलच्या एका फेरीत चाक जवळजवळ अडीच वेळा फिरते, सायकल साडेपाच मीटर जाते. चढावर हेच अंतर पायांना भारी पडते. गिअरवाला तिथे मागे मोठे चक्र लावतो. अंतर घटते तसा जोरही कमी लागतो.

मागे २२ दाती फ्रीव्हील बसवले, तर फेरीला साडेचार मीटर. साखळी तेवढी वाढवावी लागेल. ॲटलसचा साहिबाबादचा शेवटचा कारखाना ३ जून २०२० ला, जागतिक सायकल दिनीच, बंद पडला. तरी काळ्या सायकलींची मापे बहुधा सारखीच, त्यामुळे सामान मिळते.

वडिलांना विचारले. म्हणाले, "बसव. पण याच अठरावर तुला नि तुझ्या आईला डबलसीट नेले आहे."

फ्रीव्हील अजून आणलेले नाही.