वीज गेली की पाणी उलटे का वाहते?

परभणीसारख्या गावात घरी मासे पाळणाऱ्याला दोन काळज्या असतात : उन्हाळा आणि अवचित जाणारी वीज. उन्हाळ्याविषयी पुन्हा केव्हातरी. आज विजेविषयी.

मोठ्या काचपेटीखाली पुष्कळदा आणखी एक टाकी असते. दुकानदार तिला ‘संप’ म्हणतात. (शब्द इंग्रजी आहे, कामगारांच्या संपाशी त्याचा संबंध नाही!) वरच्या पेटीतले पाणी ओसंडून खाली येते, गाळले जाते आणि पंप ते नळीने पुन्हा वर चढवतो. या नळीचे वरचे तोंड पाण्यात बुडालेले असते.

वीज गेली की पंप थांबतो, पण पाणी थांबत नाही. भरलेल्या नळीचे एक टोक वर, दुसरे खाली. म्हणजे आयतीच वक्रनलिका तयार झाली. वरच्या पाण्यावरील हवेचा दाब पाणी नळीत ढकलतो. खालच्या बाजूचा पाण्याचा स्तंभ अधिक उंच, म्हणून अधिक वजनदार. तेव्हा पाणी खाली वाहू लागते, ते नळीच्या तोंडात हवा शिरेपर्यंत.

किती पाणी येईल? हिशेब करून पाहू. पेटी ९० सेंमी लांब, ४० सेंमी रुंद आणि नळीचे तोंड १० सेंमी खोल असेल, तर ९० × ४० × १० = ३६,००० घन सेंमी, म्हणजे ३६ लिटर पाणी उतरेल. खालच्या टाकीचा तळ ६० × ३० सेंमी असेल, तर तिथली पातळी २० सेंमी चढेल. रिकामी जागा १२ सेंमीच असली, तर चौदा लिटरांहून अधिक पाणी फरशीवर येईल, आणि विजेचा बोर्ड बहुधा तिथेच असतो! तेच तोंड २ सेंमी खोलीवर आणा. पातळी फक्त ४ सेंमी चढेल.

कित्येक जण नळीत एकमार्गी झडप बसवतात. पण शेवाळाचा तुकडा किंवा गोगलगाय अडकली, की ती मिटत नाही. मी तरी तिच्यावर विसंबणार नाही. पाण्याच्या पातळीखाली लगेच नळीला भोक पाडले, तर तेथून हवा शिरून प्रवाह तुटतो. मात्र हे भोकही बुजते. अधूनमधून काडी घालून पाहावे. तोंड वर घेणे हाच खात्रीचा उपाय. मग पंप मुद्दाम बंद करावा, पाणी कोठवर चढते ते पाहावे आणि संपात त्या बेताने पाणी भरावे. हवेचे बुडबुडे सोडणारा पंपही पेटीतील पाण्याच्या पातळीच्या वरच ठेवावा.

हाच प्रकार पिण्याच्या पाण्यात अधिक घातक ठरतो. १९३३ साली शिकागोत सदोष नळजोडणीमुळे हॉटेलांच्या पाण्यात मैलापाणी मिसळले. आमांशाच्या साथीत ९८ माणसे दगावली. आपल्याकडे बहुतेक गावांत नळ थोडाच वेळ चालतो. नळाची रबरी नळी फवारणीच्या पिंपात बुडालेली असताना पुरवठा बंद झाला आणि गल्लीतले पाणी उताराकडे निघाले, तर पिंपातले औषध नळात ओढले जाते. नळीचे तोंड पिंपाच्या काठापेक्षा वीतभर उंच बांधले, की नळ ओढतो ती नुसती हवा.