लोणारचं विवर काठोकाठ भरलं तर?

बुलडाणा जिल्ह्यापासून समुद्र खूप लांब. तरी खोल पाणी म्हणजे काय, हे समजून घ्यायला आपल्याकडे झकास जागा आहे. लोणारच्या विवराच्या काठावर उभे राहा आणि खाली बघा. सरोवराचं पाणी सुमारे १४० मीटर खाली दिसेल. खरं सरोवर उथळ आहे, शिवाय इतकं खारट की त्यात डुबकी नकोच. पण समजा, सगळं विवर काठापर्यंत भरलंय आणि पाठीवर हवेचं सिलिंडर बांधून तुम्ही तळाकडे निघालात!

पाण्यात दर १० मीटरला दाब एका वातावरणाइतका वाढतो. १० मीटरवर दुप्पट, ३० मीटरवर चौपट, तळाशी तब्बल १५ पट. सिलिंडरमधून हवाही तेवढ्याच दाबाने यावी लागते, नाहीतर छाती फुगणारच नाही. म्हणजे एकेका श्वासात १५ पट हवा कोंबलेली!

इथेच घात होतो. हवेतला नायट्रोजन जमिनीवर आपल्याला काही करत नाही, पण साधारण ३० मीटरखाली त्याची नशा चढू लागते. उगाच आनंद वाटतो, सोपी गणितं चुकतात, परत फिरायचं भान राहत नाही. आणखी खाली आपला लाडका ऑक्सिजनच विषारी होतो, झटके येतात. पाण्याखाली झटका आला, तर माणूस बुडतोच.

मग एवढ्या खाली जायचं तरी कशाला? बुडालेली जहाजं शोधायला, सुरुंग काढायला आणि माणूस कुठवर जाऊ शकतो ते बघायला. १९४७ साली फ्रान्सचे मोरिस फार्ग हवेवर १२० मीटर खाली गेले. दोरीला बांधलेल्या पाटीवर त्यांनी सहीसुद्धा केली, पण ते जिवंत वर आले नाहीत. १९९० मध्ये अमेरिकेचे ब्रेट गिलियम १३८ मीटरवर जाऊन सुखरूप परतले. म्हणजे जवळजवळ आपल्या विवराएवढी खोली! कुतूहलापोटी केलेलं धाडस मला मनापासून आवडतं. पण नुसत्या विक्रमासाठी जीव पणाला लावणं मला पटत नाही. आता फार खोल जाणारे पाणबुडे हवेत हेलियम मिसळून नेतात.

वर येतानाही धोका असतोच. घाईने वर आलं, तर दाबामुळे रक्तात विरघळलेला नायट्रोजन, सोड्याची बाटली फटकन उघडावी तसा बुडबुडे होऊन बाहेर पडतो. सांधे ठणकतात, लकवाही होऊ शकतो. शास्त्रज्ञ जॉन हॉल्डेन यांनी शेळ्यांवर प्रयोग करून १९०८ मध्ये टप्प्याटप्प्याने वर यायचं वेळापत्रक बनवलं. त्यांचा मुलगा जे. बी. एस. हॉल्डेनही मोठा शास्त्रज्ञ झाला. त्याने स्वतःवरच दाबाचे प्रयोग केले आणि पुढे तो भारताचा नागरिक झाला.

मालवणजवळ तारकर्लीला स्कूबा शिकवणारी सरकारी संस्था आहे. हौशी पाणबुड्यांनी ४० मीटरच्या खाली जायचं नाही, वर येताना घाई करायची नाही आणि श्वास कधीच रोखून धरायचा नाही, हे नियम आधी पाठ करा. मग खुशाल पाण्यात उतरा!