मुके पेडल : दोष कसा शोधावा?

विद्युत्-गिटारची तार छेडली असता तिच्याखालील चुंबक व वेटोळे यांच्या योगाने एक अतिशय क्षीण विद्युत्संकेत निर्माण होतो. त्याचा दाब बहुधा व्होल्टाच्या काही दशांशांहून अधिक नसतो. हा संकेत ध्वनिवर्धकाकडे जात असता वाटेत त्याचे रूप बदलणारी, पायाने चालू-बंद करावयाची धातूची लहानशी पेटी म्हणजे पेडल होय. दोन ट्रँझिस्टर, काही रोधक, काही धारित्रे आणि ९ व्होल्टांची बॅटरी एवढ्या साहित्यात साधे ‘फझ’ पेडल तयार होते. साहित्य रेडिओच्या सुट्या भागांच्या दुकानात मिळते, आणि म्हणून होतकरू विद्यार्थी हे काम उत्साहाने हाती घेतो. परंतु पहिल्यांदा जोडलेली पेटी पुष्कळदा मुकीच राहते. मग घाईघाईने एकामागून एक भाग बदलले जातात, नवे दोष शिरतात, आणि शेवटी ‘हे आपल्याला जमणारे नाही’ असा निष्कर्ष निघतो. वस्तुतः चुकलेला असतो तो शोधाचा क्रम.

हा क्रम तारयंत्राच्या काळापासून चालत आलेला आहे, आणि जबलपूरसारख्या शहरात तो विशेष परिचयाचा असावा. सैन्याच्या सिग्नल दलाचे प्रशिक्षण केंद्र येथे आहे. टपाल व तार खात्याचा कारखाना येथे उभा राहिला. आणि १९४७ साली स्थापन झालेले येथील शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय दूरसंचाराचे शिक्षण देणाऱ्या देशातील आरंभीच्या संस्थांपैकी एक होय. तारेची लांब वाट तुटली असता ती पहिल्या खांबापासून शेवटच्या खांबापर्यंत पाहत जाण्याची आवश्यकता नसते. समजा, जबलपूर व इटारसी यांच्यामधील तार बंद पडली आहे. गाडरवारा हे ठाणे साधारण मध्यावर आहे. जबलपूरचा संकेत तेथे पोहोचत असेल तर दोष इटारसीच्या बाजूस आहे. पोहोचत नसेल तर तो जबलपूरच्या बाजूस आहे. मग नरसिंहपूर येथे तीच परीक्षा घ्यावी. प्रत्येक परीक्षेने शोधाचे क्षेत्र निम्मे होते. सोळा टप्प्यांच्या वाटेत एकच टप्पा बिघडला असेल तर चार परीक्षांत तो सापडतो.

पेडलमध्येही संकेताची अशीच एक वाट असते. पहिली परीक्षा विनासायास होते. बहुतेक पेडलांमध्ये पायाची कळ एका बाजूस असता गिटारचा स्वर मंडलात न शिरता तसाच पुढे जातो. या स्थितीत स्वच्छ आवाज ऐकू आला तर गिटार, दोन्ही वायरी व ध्वनिवर्धक निर्दोष ठरतात. दोष पेटीच्या आतच आहे, हे निश्चित होते. याही स्थितीत शांतता असेल, तर आधी पेटी बाजूला काढून गिटार थेट ध्वनिवर्धकास जोडून पाहावी.

दुसरी परीक्षा डोळ्यांची. डाख दिलेला सांधा गुळगुळीत असावा व डाख दोन्ही धातूंवर सपाट पसरलेला असावा. गोळा होऊन वर बसलेला डाख दिसावयास पक्का, परंतु आतून सुटा असू शकतो. शेजारच्या दोन सांध्यांमध्ये डाखाचा केसाएवढा पूल झालेला नाही ना, तेही पाहावे. ध्रुव असलेली धारित्रे उलटी बसता कामा नयेत. ट्रँझिस्टरच्या पायांचा क्रम तर जातीप्रमाणे बदलतो. सपाट बाजू समोर व पाय खाली धरले असता बीसी ५४७ या ट्रँझिस्टरचे पाय डावीकडून कलेक्टर, बेस, एमिटर असे येतात. २ एन ३९०४ चे नेमके उलट येतात. आकाराने दोन्ही सारखेच दिसतात.

तिसरी परीक्षा मल्टीमीटरची. येथे नवशिका एका साध्या गोष्टीने फसतो. बॅटरी वृथा संपू नये म्हणून तिचा ऋण ध्रुव पुष्कळ पेडलांत आत येणाऱ्या जॅकमधून नेलेला असतो. त्या जॅकमध्ये गिटारची पिन घातल्याशिवाय मंडल पूर्ण होतच नाही. पिन न घालता मोजमाप केले तर नवी बॅटरी असूनही मंडल मृत भासते. पिन घालून मीटरचे काळे टोक भूतारेस लावावे आणि कलेक्टरवरील दाब मोजावा. अनेक साध्या मंडलांत तो पुरवठ्याच्या निम्म्याच्या आसपास, म्हणजे साडेचार व्होल्टांजवळ असतो. सिलिकॉन ट्रँझिस्टरच्या बेस व एमिटर यांमध्ये सुमारे ०.६ व्होल्ट आढळावेत.

चौथी परीक्षा कानाची. ध्वनिवर्धकाकडे जाणाऱ्या वायरीच्या टोकास ०.१ मायक्रोफॅरडचे धारित्र जोडले की उत्तम शोधसळई तयार होते. धारित्र बॅटरीचा स्थिर दाब अडविते व ध्वनीचा संकेत जाऊ देते. वायरीची भूतार पेडलच्या भूतारेस जोडावी, ध्वनिवर्धकाचा आवाज कमी ठेवावा, गिटार छेडावी आणि सळई प्रथम वाटेच्या मध्यावर टेकवावी. येथे ध्वनिवर्धकाचे पोट मात्र कधीही उघडू नये. घरगुती विजेवर चालणाऱ्या यंत्रातील धारित्रे वीज बंद केल्यावरही धोकादायक भार धरून राहू शकतात.

एक उदाहरण घेऊ. पहिल्या ट्रँझिस्टरच्या बेसवर स्वर ऐकू येतो, कलेक्टरवर येत नाही. म्हणजे दोष या दोन बिंदूंमध्ये कोंडला गेला. कलेक्टरवरील दाब शून्याच्या जवळपास आहे. तेथील रोधक ४.७ हजार ओहमांचा हवा. त्याचे पट्टे पिवळा, जांभळा, तांबडा. पण ४७ हजार ओहमांच्या रोधकाचे पट्टे पिवळा, जांभळा, नारिंगी असतात, आणि मंद दिव्याखाली तांबडा व नारिंगी यांत गफलत सहज होते. बॅटरी काढून, रोधकाचे एक टोक सोडवून मोजताच संशय खरा ठरतो. बदलावयाचा भाग एकच, आणि तोही क्षुल्लक किमतीचा. याउलट अंदाजाने ट्रँझिस्टर बदलला असता तर पेटी मुकीच राहिली असती व निर्दोष भागावर विनाकारण ठपका आला असता. म्हणून एका वेळी एकच बदल करावा, आणि मोजलेला दाब व केलेला बदल वहीत टिपून ठेवावा.

दोषाचे मूळ शोधण्याचे मोल या पेडलच्या इतिहासातही दिसते. अमेरिकेतील नॅशव्हिल येथे मार्टी रॉबिन्स यांच्या ‘डोन्ट वरी’ या गीताचे ध्वनिमुद्रण चालू असता ग्रेडी मार्टिन यांच्या बास-गिटारचा स्वर अचानक खरखरीत, फाटलेला उमटला. ते गीत १९६१ साली तसेच प्रसिद्ध झाले. ध्वनिमुद्रक ग्लेन स्नॉडी यांनी शोध घेता मिश्रणयंत्रातील एक रोहित्र बिघडल्याचे आढळले. पुढे त्यांनी रेव्हिस हॉब्ज यांच्यासह तोच परिणाम ट्रँझिस्टरांच्या साहाय्याने मुद्दाम घडवून आणला, आणि १९६२ साली गिब्सन कंपनीने ‘माएस्ट्रो फझ-टोन’ हे पेडल बाजारात आणले. तो बिघाड कोठे होतो हे उमगल्यामुळेच त्याचे साधन करता आले.

शाळेच्या प्रयोगशाळेत मल्टीमीटर, डाखणी व एक लहान ध्वनिवर्धक एवढे असले तरी हा अभ्यास करता येतो. दोघा विद्यार्थ्यांपैकी एकाने चालू मंडलात मुद्दाम एक दोष पेरावा आणि दुसऱ्याने तो कमीत कमी परीक्षांत शोधून काढावा. गिटार हाती नसल्यास ट्रँझिस्टर रेडिओच्या कानयंत्राच्या जॅकमधून, आवाज अगदी कमी ठेवून, मिळणारा संकेतही या कामास पुरतो.