फोर्स्कोलिन आणि रोलिप्रॅम : दोन प्रायोगिक स्मृतिवर्धक संयुगांच्या सुरक्षिततेचा तुलनात्मक विचार

ठाणे शहराला लागून असलेल्या मुलुंड येथील हेक्स्ट कंपनीच्या संशोधन केंद्रात १९७० च्या दशकात भारतीय औषधी वनस्पतींची पद्धतशीर तपासणी करण्यात आली. त्या वेळी मैनमूळ या तुळशीच्या कुळातील वनस्पतीच्या मुळांतून रक्तदाब उतरवणारे एक संयुग वेगळे झाले. सुजाता भट, एन. जे. डिसूझा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७७ साली त्याची रचना प्रसिद्ध केली. तेच फोर्स्कोलिन होय. लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेनेही त्याच सुमारास याच वनस्पतीतून ‘कोलिऑनॉल’ मिळवले होते. ही दोन्ही संयुगे एकच आहेत, हे १९८५ मध्ये स्पष्ट झाले.

रक्तदाबावरील औषध म्हणून शोधलेल्या या संयुगाचा स्मरणशक्तीशी संबंध जोडला गेला तो १९८१ नंतर. अमेरिकेतील सीमन, पॅजेट आणि डेली यांनी त्या वर्षी दाखवून दिले की, फोर्स्कोलिन ॲडेनिलेट सायक्लेज या विकराला थेट चालना देते. हा विकर पेशीत सायक्लिक एएमपी हा संदेशवाहक रेणू तयार करतो. चेतापेशीत या रेणूची पातळी वाढली की, नवी प्रथिने निर्माण होऊन चेतासंधी दीर्घकाळ बळकट राहण्याची प्रक्रिया सुरू होते. दीर्घकालीन स्मृतीचा पाया हाच मानला जातो.

जर्मनीतील शेरिंग कंपनीचे रोलिप्रॅम हे कृत्रिम संयुग याच रेणूची पातळी उलट मार्गाने वाढवते. सायक्लिक एएमपीचे विघटन करणाऱ्या फॉस्फोडायएस्टरेज-४ या विकराला ते अडवते. हौदाचे उदाहरण घेतल्यास फोर्स्कोलिन नळ सोडते, तर रोलिप्रॅम मोरी बुजवते. पाणी दोन्ही प्रकारे वाढते, परंतु सुरक्षिततेच्या दृष्टीने हे दोन मार्ग समान नाहीत.

ॲडेनिलेट सायक्लेज शरीरातील जवळजवळ प्रत्येक पेशीत असते. त्यामुळे फोर्स्कोलिनचा परिणाम मेंदूपुरता राहत नाही. रक्तवाहिन्या सैलावतात, हृदयाचे ठोके वाढतात, रक्तबिंबिका एकत्र येण्यास अडथळा होतो आणि आतड्यांत स्राव वाढून जुलाब होऊ शकतात. रक्तदाबाची किंवा रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्यास यातून धोका संभवतो. बहुपुटी मूत्रपिंडाच्या विकारात सायक्लिक एएमपीमुळे द्रवपुटिका वाढतात, म्हणून त्या रुग्णांसाठी ते वर्ज्यच समजले पाहिजे.

रोलिप्रॅमची कथा वेगळी आहे. १९८० च्या दशकात नैराश्यावरील औषध म्हणून त्याच्या मानवी चाचण्या झाल्या. तीव्र मळमळ व उलट्यांमुळे ते मागे पडले, आणि प्रचलित औषधांपेक्षा ते सरसही ठरले नाही. मेंदूतील वमनकेंद्रातही फॉस्फोडायएस्टरेज-४ असल्याने हा दोष त्याच्या मूळ क्रियेतूनच येतो. पुढे १९९८ मध्ये एरिक कँडेल यांच्या प्रयोगशाळेत अल्प मात्रेतील रोलिप्रॅममुळे उंदरांची दीर्घकालीन स्मृती सुधारल्याचे आढळले आणि संयुगाकडे पुन्हा लक्ष गेले. मात्र उंदरांना उलटी होतच नाही. मानवी चाचण्यांत जो दोष निर्णायक ठरला, तो या प्रयोगांत थेट दिसण्याची सोयच नव्हती!

सायक्लिक एएमपी जितके अधिक तितकी स्मृती चांगली, हे गृहीतकही तपासून पाहण्यासारखे आहे. फळमाशीच्या ‘रुटाबागा’ या उत्परिवर्तित वाणात ते तयार करणारा विकर सदोष असतो, तर ‘डन्स’ या वाणात त्याचे विघटन करणारा. म्हणजे एकात त्याची निर्मिती कमी पडते, दुसऱ्यात त्याचा साठा वाढतो. तरीही शिकण्यात दोन्ही माश्या मंदच असतात. २००३ मध्ये एमी आर्न्स्टेन यांच्या गटाने वृद्ध माकडांवर केलेल्या प्रयोगांत रोलिप्रॅममुळे कार्यकारी स्मृती उलट खालावली. हिप्पोकॅम्पसला जे मानवते, ते प्रमस्तिष्काच्या अग्रभागाला मानवेलच असे नाही.

या तुलनेतून एक विसंगती पुढे येते. ज्या संयुगाच्या मानवी चाचण्या होऊन ते नाकारले गेले, त्याचे धोके ज्ञात आहेत. ज्याची स्मृतीसाठी मानवात पुरेशी चाचणीच झालेली नाही, ते मात्र आहारपूरक म्हणून सहज विकले जाते. फोर्स्कोलिन तोंडावाटे दिलेल्या, २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका परिचित चाचणीत केवळ ३० स्थूल पुरुष होते. कालावधी १२ आठवड्यांचा होता आणि विषय शरीरातील चरबीचा होता. ‘नैसर्गिक’ या शब्दाचा आधारही येथे पुरत नाही. गुजराती घरांत याच मुळांचे ‘गरमर’ नावाचे लोणचे घालतात हे खरे, परंतु वाळलेल्या मुळात फोर्स्कोलिन सामान्यतः अर्ध्या टक्क्याहूनही कमी असते. पूरकांतील अर्कात ते दहा टक्के किंवा त्याहून अधिक असू शकते. जपानमध्ये त्याच्यापासून बनवलेल्या कोलफोर्सिन डॅरोपेट या औषधाला १९९९ साली मान्यता मिळाली, ती तीव्र हृदयविकारातील रुग्णास शिरेवाटे देण्यासाठी.

रोलिप्रॅमच्या मार्गावर काम थांबलेले नाही. त्याच गटातील रोफ्लुमिलास्ट हे औषध फुप्फुसांच्या दीर्घकालीन विकारासाठी ५०० मायक्रोग्रॅम मात्रेत दिले जाते. नेदरलँड्समधील मास्ट्रिख्ट येथे २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात निरोगी तरुणांना त्याच्या एक पंचमांश, म्हणजे १०० मायक्रोग्रॅम मात्रेने शब्द लक्षात ठेवण्यात काहीशी सुधारणा दिसली. झॅटोलमिलास्ट हे संयुग वमनाशी निगडित उपप्रकाराला पूर्णपणे न अडवता केवळ अंशतः रोखते. २०२१ मध्ये फ्रॅजाइल एक्स या आनुवंशिक विकाराच्या ३० प्रौढ पुरुषांवरील त्याच्या चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. भाषेशी संबंधित आकलनात त्यांना लाभ झाला आणि औषध त्यांना चांगले सोसले.