कुरकुरीत कोबीची पचडी, फळं घालून

पचडीला पाणी सुटलं की तिची मजा गेली. हे काम मिठाचं. चिरलेल्या भाजीतलं पाणी ते बाहेर ओढतं. म्हणून मीठ आणि लिंबू अगदी पानं वाढतानाच घालावं.

पाव किलो घट्ट, जड कोबी घ्या. किसू नका, किसल्याने लगदा होतो. धारदार सुरीने दोऱ्यासारखा बारीक चिरा आणि १५ मिनिटं बर्फाच्या पाण्यात ठेवा. पेशींमध्ये पाणी भरतं, कोबी ताठ होतो. मग पंचावर पसरून पूर्ण कोरडा करा. ही पायरी गाळू नकाच!

एका गाजराच्या काड्या, अर्धं हिरवं सफरचंद सालासकट (चिरल्याबरोबर लिंबू चोळा, काळं पडत नाही), मूठभर डाळिंबाचे दाणे, कोथिंबीर. पेरू अर्धकच्चा असेल तर सफरचंदापेक्षाही छान लागतो. अननस मात्र दही घालणार असाल तर टाळा, दही कडवट होतं.

मोहरी, हिंग, हिरव्या मिरचीची फोडणी गार करूनच ओता. दाण्याचं कूट सगळ्यात शेवटी, तेही जाडसर.