शिशाची गोळी: वजन, व्यास आणि वेग

सातपुड्याच्या पायथ्याशीं सांपडलेली प्रत्येक गोळी अंबापाण्याच्या लढाईशीं (11 एप्रिल 1858) जोडण्याचा मोह होतो. तत्पूर्वीं ती तोलावी व मोजावी, असें आमचें म्हणणें आहे.

हवेच्या रोधांतही वेग टिकविण्याच्या गोळीच्या शक्तीस बॅलिस्टिक कोएफिशंट म्हणतात; आम्ही नुसतें 'गुणांक' म्हणूं, नवा समास कशाला? वजनास व्यासाच्या वर्गानें भागावें. मग आकृत्यंकानें, जो बोथट गोळीस मोठा असतो, पुन्हां भागावें. वाटोळ्या गोळीचें वजन व्यासाच्या घनाप्रमाणें वाढतें, म्हणून तिचा गुणांक व्यासाच्याच प्रमाणांत वाढतो. जेजालेची थोर गोळी लहान बंदुकीच्या गोळीहून दूर जाई, त्याचें एक कारण हेंच.

1853 च्या एन्फील्ड रायफलची लांबट गोळी .568 इंच व्यासाची व 530 ग्रेन वजनाची. त्याच व्यासाची शिशाची वाटोळी गोळी सुमारें 275 ग्रेन भरते. अर्थात् निमुळत्या तोंडाचा लाभ सोडला तरी गुणांक जवळजवळ दुप्पट.

वाटोळी गोळी चेपली असली तरी वजनावरून मूळ व्यास काढतां येतो. मात्र शिशावरील पांढरें पूट खरवडूं नये. त्यानें वजन घटतें, आणि नळींतील आट्यांच्या खुणा असल्यास त्याही पुसून जातात.